एफ्टेलिंगला एक दिवस जाताय? मग दुपारचं आधी ठरवा

नेदरलँड्समधल्या मराठी घरांत एप्रिल ते सप्टेंबर एक प्रश्न हमखास येतो. भारतातून आई-बाबा आलेत, ट्युलिप बघून झाले, पवनचक्क्या झाल्या, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून बोट झाली, आता पुढच्या वीकेंडला काय? मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतं "एफ्टेलिंग वर्थ आहे का, म्हातारी माणसं आणि लहान मुलं एकत्र घेऊन?" एफ्टेलिंग म्हणजे इथला परीकथांचा मोठा थीम पार्क. आणि खाली चाळीस मेसेज येतात, निम्मे म्हणतात डिस्नीलाच जा, निम्मे म्हणतात पास काढा. आमचं घर पास काढणाऱ्यांतलं आहे, आइंडहोवनहून गाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतो, त्यामुळे जाणं-येणं चालूच असतं. सासू-सासरे आले की त्यांना घेऊन, माझे आई-बाबा आले की त्यांना घेऊन, आणि अधेमधे नुसतं पोरांना दमवायला. म्हणून सविस्तर लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच चिकटवायचं.

थोडक्यात रिव्ह्यू असा की नक्की जा, पण राइड्सची यादी घेऊन जाऊ नका. एफ्टेलिंगचा दिवस सकाळी बिघडत नाही आणि संध्याकाळीही नाही, तो बिघडतो बारा ते तीनमध्ये. रांगा चढलेल्या, पोरं भुकेली, आजी बाकावर बसलेल्या, आजोबा पन्नास पायऱ्या पुढे निघून गेलेले आणि आपण ॲपमध्ये मिनिटं बघत उभे. हे तीन तास कुठे घालवायचे एवढं घरून ठरवून निघालात तर बाकीचं आपोआप होतं. आणि त्याचं उत्तर पार्कमध्येच आहे, परीकथांचं जंगल. तिथे रांगच नसते (एखाद-दुसऱ्या घराच्या खिडकीपाशी पोरांची गर्दी सोडली तर), सावली असते, बसायला बाक असतात आणि चालायचा वेग आपला आपण ठरवायचा. बहुतेक लोक आत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा जंगलातच जातात कारण ते जवळ पडतं, आणि मग ऐन दुपारी रांगेत जाऊन उभे राहतात. बरोब्बर उलटं करायचं.

आता हे जंगल म्हणजे काय ते सांगते, कारण भारतातून येणाऱ्यांना वाटतं लहान मुलांचे पुतळे असतील, दहा मिनिटांत बघून होईल. हा पार्क काट्सहोव्हल नावाच्या गावात आहे, नॉर्थ ब्राबांट प्रांतात, आणि त्याची सुरुवातच या जंगलाने झाली, ३१ मे १९५२ ला. तेव्हा फक्त १० गोष्टी होत्या, आता तीसच्या आसपास आहेत. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ चं, म्हणजे हे त्याच्याही तीन वर्षं आधीचं, आणि इथले डच लोक ही गोष्ट कुठल्याही निमित्ताने सांगतातच. चित्रं काढली अँटोन पीक या चित्रकाराने आणि ती हलती-बोलती केली पेटर रायन्डर्सने. पीकच्या चित्रात एकही भिंत सरळ नसते, छपरं पोक काढून बसलेली, धुराडी तिरकी, दारं बुटकी, आणि जंगलातली घरं खरोखर तशीच बांधली आहेत, वीट म्हणजे वीट आणि लाकूड म्हणजे लाकूड. सत्तर वर्षांत त्यावर शेवाळ चढलंय, ते कुठल्याही नव्या पार्कला पैसे टाकून आणता येणार नाही. माझ्या मते एफ्टेलिंगचं अर्धं तिकीट या शेवाळाचंच आहे.

निद्रिस्त राजकन्येच्या किल्ल्यात खिडकीतून नीट बघा, झोपलेल्या राजकन्येची छाती श्वासाबरोबर वरखाली होते. आमच्या सासूबाई तिथे बराच वेळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हिला पंखा तरी लावायचा." हिमगौरी आणि सात बुटके आहेत, टोपीवाली मुलगी आणि आजीच्या पलंगात लांडगा आहे, बिस्किटाचं घर आहे आणि त्यात बोलावणारी चेटकीण आहे, नाक वाढणारा लाकडी मुलगा आहे, बोलणारं झाड आहे. लांब मानेचा एक माणूस आहे, लांगनेक, तो बसल्या जागेवरून मान उंच उंच नेतो आणि परत खाली आणतो, बस एवढंच करतो, पण पोरं तिथून हलत नाहीत. एक गाढव आहे, त्याला नाणं दिलं की ते मागच्या बाजूने सोन्याचं नाणं काढून देतं. हा विनोद सहा वर्षांच्या मुलाला आणि बहात्तर वर्षांच्या आजोबांना सारखाच कळतो, सुट्टी नाणी खिशात ठेवा. काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट मात्र जरा जड आहे, हळव्या पोरांना आधीच सांगून न्या.

आणि भारतीय माणसाने चुकवू नये असं एक म्हणजे 'भारतीय कमळं', १९६६ चं. ही गोष्ट लिहिली बेल्जियमच्या राणीने, फाबिओला राणीने. एका चेटकिणीमुळे पऱ्यांची पाण्यातली कमळं होतात, आणि मग अंधाऱ्या गुहेसारख्या दालनात तळं, बेडकांचा वाद्यवृंद वाजायला लागतो, कमळं उघडतात आणि आत पऱ्या नाचतात. भारत कुठे आहे म्हणाल तर शोधून सापडत नाही, साठच्या दशकातल्या युरोपला जे दूरचं आणि सुंदर वाटायचं त्याला त्यांनी भारतीय म्हटलंय. चिडू नका, मजा घ्या. आमचे बाबा म्हणाले "आपल्याकडे असतं तर तळ्यात निर्माल्य दिसलं असतं", आणि मग तेच दुसऱ्यांदा बघायला थांबले. यांत्रिकी सगळी जुन्या पद्धतीची आहे, स्क्रीन नाही, प्रोजेक्शन नाही, म्हणूनच ते टिकलंय असं मला वाटतं.

जंगलात आणि पार्कभर एक जाडा माणूस बसलेला दिसेल, तोंड उघडं, हा होल्ले बोल्ले खाइस. तो कचराकुंडी आहे. "पापीर हीर, पापीर हीर" असं ओरडत राहतो म्हणजे कागद इकडे द्या, तुम्ही कागद तोंडाजवळ नेला की हवेच्या झोताने खस्सकन आत ओढतो आणि आभार मानतो. १९५९ पासून हे चालू आहे. याचा परिणाम असा होतो की पोरं कचरा शोधत फिरतात. आमचा धाकटा टिशूचं अख्खं पाकीट फाडून त्याचे बारीक बारीक तुकडे करून एक एक भरवत होता आणि मागे डच पोरांची शिस्तीत रांग लागली होती, प्रत्येकाच्या हातात एक चुरगळलेला कागद. घरून जुनी वर्तमानपत्राची पानं न्या, हसू नका, खरंच न्या. स्वच्छता मोहिमेवर एवढी बॅनर लावण्यापेक्षा आपल्याकडे नगरपालिकांनी असा एक जाड्या बसवावा.

आता सकाळचं. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पार्किंगला पोचा. उघडायची-मिटायची वेळ तारखेप्रमाणे बदलते, तिकीट काढताना दिसते, आणि तिकीट ऑनलाइन तारीख निवडूनच काढायचं, गेटवर बघू म्हणून जाऊ नका. भावही तारखेप्रमाणे कमी-जास्त होतो. चार वर्षांखालच्या मुलांना फुकट. पार्किंगचे पैसे वेगळे, तेही तिकिटाबरोबरच भरून टाका म्हणजे निघताना मशीनपाशी उभं राहायला नको. गाडी नसेल तर ट्रेनने टिलबर्ग किंवा डेन बॉशला यायचं आणि तिथून बस, थेट पार्कच्या दाराशी सोडते. दोघं-तिघं असाल तर ट्रेन ठीक, पण पाच-सहा जण, बाबागाडी, डबे, आजींची शाल असा लवाजमा असेल तर गाडीच बरी.

प्रवेशाची इमारत बघायला पाच मिनिटं द्या, टोकदार गवती छपरांचा भला मोठा डोलारा आहे, १९९६ चा, जगातल्या सगळ्यात मोठ्या गवती छपरांत त्याची गणना होते. बाबांना कोकणातल्या घराची आठवण झाली आणि ते आत जायलाच तयार नव्हते, शाकारणी कोण करतं, किती वर्षांनी करतात, उंदीर होत नाहीत का, असे प्रश्न. त्यांना सांगा जाताना परत इथूनच जायचंय.

आत शिरलात की जंगलाकडे वळायचं नाही. घरात मोठी पोरं असतील तर सरळ लांबच्या टोकाला, रोलरकोस्टरच्या भागात. बारोन १८९८ तिथेच आहे, २०१५ मध्ये सुरू झालेला, सोन्याच्या खाणीची थीम. आधी खाणमालक बारोनची गोष्ट दाखवतात, मग गाडी वर नेऊन अगदी टोकावर खाली तोंड करून क्षणभर थांबवतात, आणि ३७.५ मीटर सरळ खाली, ताशी ९० किलोमीटरने. थांबतो तो क्षणच खरा, पडणं त्यापेक्षा सोपं आहे. उंची किमान १३२ सेंटिमीटर लागते, आणि इथे उंची खरोखर मोजतात, केस वर बांधून काही होत नाही. पायथन १९८१ चा आहे, दोन लूप आणि दोन मळसूत्री वळणं, २०१८ मध्ये रूळ नवे बसवले, त्याला १२० सेंटिमीटर. यॉरिस आणि ड्रॅगन हा लाकडी, दोन गाड्या एकमेकींशी शर्यत लावतात, ११० सेंटिमीटर. घरून निघायच्या आधी पोरांची उंची बूट घालून दाराच्या चौकटीला मोजून ठेवा म्हणजे रांगेच्या तोंडाशी रडारड नको. एकेकटे बसायला तयार असाल तर सिंगल रायडरची वेगळी रांग असते, ती बऱ्याचदा झपाट्याने सरकते. आणि तान्हं बाळ असेल तर एकाने आधी जायचं, दुसऱ्याने बाळ सांभाळायचं, मग परत रांग न लावता अदलाबदल करता येते, तिथल्या माणसाला विचारा, ते लगेच सांगतात कुठून जायचं.

पोरं लहान असतील तर सकाळी पहिल्यांदा ड्रोमफ्लुख्त किंवा सिंबोलिका. ड्रोमफ्लुख्त म्हणजे स्वप्नातलं उड्डाण, १९९३ पासून आहे, वरून लोंबकळणाऱ्या पाळण्यात बसून पऱ्यांच्या जंगलातून, किल्ल्यांवरून, बुटक्या जीवांच्या गावातून फिरवतात, वास येतो, गारवा लागतो आणि शेवटी पाळणा गिरक्या घेत खाली येतो. आजी-आजोबांना बसवायला सगळ्यात बेस्ट हीच. चढ-उतार पटकन करावी लागते, तेवढी गुडघ्यांना आगाऊ सूचना द्या. सिंबोलिका २०१७ चा राजवाडा, गाडीला रूळच नाहीत, ती आपली आपण फिरते, आणि आत जाताना शूरांची, खजिन्याची किंवा संगीताची अशी सहल निवडायची. फाता मॉर्गाना ही अरबी कथांतल्या शहरातून जाणारी बोट, १९८६ ची, आमच्याकडे सगळ्यांना आवडते, बाजार, तुरुंग, सुलतानाचा दरबार. त्यातली अरबस्तानची कल्पना जुन्या युरोपियन पोस्टकार्डातली आहे हे कळतं, पण बाहुल्यांची हालचाल बघण्यासारखी. रांगही पटकन सरकते, म्हणून सकाळी तिला वेळ देऊ नका, कधीही होते.

डान्स माकाब्र ही राइड ३१ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, जुन्या भुताच्या वाड्याच्या जागी. तो वाडा १९७८ चा होता आणि डच लोक त्याच्यासाठी खरोखर हळहळले. आता चर्चमधल्या गायकांच्या बाकांवर बसवतात आणि अख्खी जमीन फिरते, कलते, सां-सांस या फ्रेंच संगीतकाराच्या संगीतावर. मला प्रचंड आवडली, पण सहा-सात वर्षांच्या खालच्या पोराला नेऊ नका, रात्री तुम्हीच जागाल. ज्यांना चक्कर येते त्यांनी ही आणि व्हिला व्होल्टा दोन्ही टाळा, तिथे खोली उलटी झाल्यासारखी वाटते आणि पोटातलं सगळं ढवळतं.

म्हातारी माणसं आणि चालणं हा खरा प्रश्न. पार्क मोठा आहे, एका टोकाकडून दुसरीकडे जायचं तर तंगडतोड होते. त्यावर उपाय वाफेची आगगाडी, १९६९ पासून चालू, खरं कोळशाच्या जमान्यातलं इंजिन, फुकट, आणि जंगलाच्या बाजूच्या स्टेशनवरून रोलरकोस्टरच्या बाजूला नेऊन सोडते. लोक ती राइड म्हणून करतात, तुम्ही रिक्षा म्हणून वापरा. तळ्यातल्या बोटीही आहेत, गोंडोलेट्टा, हळूहळू फिरतात, जेवणानंतर आजोबांना तिथे बसवलं की ते खुश आणि आपण मोकळे. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी व्हीलचेअर मिळते, आधी वेबसाइटवर बघून ठेवा. आपल्याकडची पिढी "मला कशाला हवी" म्हणते, त्यांना विचारू नका, घेऊनच या, दुपारनंतर त्यांची शाल आणि डबे ठेवायला तरी होतेच.

खाण्याबद्दल स्पष्ट सांगते. बाहेरचं खाणं आणलेलं चालतं, कोणी बॅग तपासून डबा काढून घेत नाही. आपल्याकडच्या पार्कांची सवय असलेल्या पाहुण्यांना हे पटत नाही, ते डबा स्वेटरखाली लपवायला बघतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेले बटाटे आणि थर्मासमध्ये चहा, जंगलातल्या बाकावर बसून खायचं, दुपारच्या तीन तासांतला एक इथेच गेला. आत मिळणारं खाणं डच पद्धतीचं, फ्राइज, पॅनकेक, पोफर्चेस (छोटे फुगीर पॅनकेक), ब्रेड-सॉसेज, आणि भाव कुठल्याही पार्कसारखे. शुद्ध शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा, पॅनकेक आणि पोफर्चेस दोन्हीत अंडं असतं, गोड दिसतं म्हणून आजींच्या हातात देऊ नका. फ्राइज मेयोशिवाय मागायच्या, मेयोतही अंडं. सिंबोलिकाच्या राजवाड्याजवळच्या 'पोलेचं स्वयंपाकघर' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये पॅनकेक चांगले मिळतात, ज्यांना चालतं त्यांनी खा, बसायची जागा गरम आणि पावसात तर देवळासारखी वाटते.

पाऊस हा इथे हवामान नसून वेळापत्रक आहे. छत्री गर्दीत लोकांच्या डोळ्यात जाते, रेनकोट न्या, आजोबांसाठीही. भुरभुर पावसात जंगल अप्रतिम दिसतं आणि रांगा घटतात, त्यामुळे अंदाज वाईट आहे म्हणून तारीख बदलू नका. थंडीतही पार्क उघडा असतो, वर्षभर, आगट्या पेटवतात, दिवे लावतात, पण तेव्हा थोड्या राइड्स बंद असू शकतात, खास कुठल्या एका राइडसाठी जात असाल तर देखभालीची यादी आधी वाचा.

कोणत्या दिवशी जायचं यावर तर वेगळा लेख होईल. सगळ्यात चांगला मंगळवार किंवा गुरुवार, शाळा चालू असताना. बुधवारी इथल्या बऱ्याच शाळा दुपारी लवकर सुटतात त्यामुळे दुपारी गर्दी वाढते. मे महिन्याची सुट्टी आणि ऑक्टोबरची शरद ऋतूची सुट्टी टाळा, बेल्जियम आणि जर्मनीच्या सुट्ट्याही कॅलेंडरवर बघा कारण ते लोकही इथे येतात. आता तुम्ही म्हणाल शाळेतल्या पोराला मंगळवारी कसं न्यायचं, वयाच्या पाच वर्षांनंतर इथे शाळा बुडवली तर दंड होतो. त्यावर मार्ग म्हणजे स्टुडीडाख, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस, त्या दिवशी फक्त तुमच्या शाळेला सुट्टी असते, बाकी देश शाळेत. वर्षाच्या सुरुवातीला शाळा ती यादी पाठवते आणि आपण ती फ्रिजवर लावून विसरतो. ती यादी आली की त्याच दिवशी एफ्टेलिंगचं तिकीट बघा. आई-बाबांचं विमानाचं तिकीट काढतानाही ती समोर ठेवा, शेंगन व्हिसाचे ९० दिवस असतात, त्यात एखादा स्टुडीडाख बसतोच.

भाषेची काळजी नको. कार्यक्रमांतलं बोलणं डचमध्ये असतं पण पोरं इथल्या शाळेतली असतील तर तीच आजी-आजोबांची दुभाषी होतात, आणि तो रुबाब त्यांना फार आवडतो. आमची मोठी झाडाशी डचमध्ये बोलली आणि मग आजीला मराठीत सांगत होती की झाड काय म्हणालं, त्यात तिने मनाचं किती घातलं ते देव जाणे.

संध्याकाळी चारनंतर रांगा उतरायला लागतात, शेवटच्या तासात तर चांगल्याच. सकाळी राहिलेलं तेव्हा करा. पार्क मिटायच्या सुमारास तळ्यावर आक्वानुरा होतं, कारंजी, दिवे, आग आणि संगीत, २०१२ मध्ये पार्कच्या साठीला सुरू केलं. ते बघायचं तर आधी जाऊन कठड्याजवळची जागा धरा, नाहीतर पुढे उभ्या असलेल्या डच माणसाची पाठ बघत बसाल, ती माणसं उंच असतात. ते संपलं की सगळे एकदम पार्किंगकडे सुटतात. त्या लाटेत घुसू नका, टॉयलेट उरका, आजोबांना छपराखाली उरलेले प्रश्न विचारू द्या, वीस मिनिटांनी निघा. आणि गाडी कुठल्या रांगेत लावली त्या पाटीचा फोटो सकाळीच काढून ठेवा.